कडक चहाबद्दलच्या अकरा तक्रारी

थांबा, झाकण जरा सैल करू द्या. वाफ कोंडली की मला धड बोलता येत नाही.

हं, आता बोलतो. मी बंब. चहाच्या पाण्याचा. उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅकनशॉच्या मंडईत मासळीवाल्यांच्या रांगेकडे पाठ आणि चीजवाल्याकडे तोंड करून चहाचा एक ठेला आहे, त्याच्या फळीवर मी सत्तर वर्षं बसून आहे. पोट तांब्याचं, आतून कल्हई, तोटी पितळेची. पाणी मी उकळतो, चहा शेजारची मोठी किटली मुरवते, पण नाव माझंच होतं. धंद्यात असं चालायचंच.

शिक्षण म्हणाल तर सगळं फळीवरचं. कप हातात आला की माणूस खरं बोलतो, निदान पहिले चार घोट तरी. तेवढ्यात जे कानावर पडलं, ती माझी शाळा.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा, अडतीस सालचा. तांबं आफ्रिकेतून आलं, कथील मलायातून. मला ठोकून गोल करणारा कारागीर वेल्सचा, डाख देणारा आयर्लंडचा, आणि दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या देत. शेवटी तळाशी ठसा मारला, ‘ब्रिटिश बनावट’. एका ठोक्यात काम झालं. माणसांच्या बाबतीत हा ठोका कोण मारतो आणि कुठे मारतो, हे मला पुढे फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून माझं पाणी कधी निवांत उकळलेलं नाही.

युद्धात मी रेल्वेच्या फलाटावर होतो. गाडी थांबली की शिपाई धावत यायचे. मला सांभाळायची एडा हारग्रीव्हज नावाची बाई, वय पंचवीस, हात भट्टीसारखे लाल. एकदा एका पगडीवाल्या शिपायाने पाच चमचे साखर मागितली. साखरेवर रेशन होतं, मागचे गोरे शिपाई कुरकुरले. एडाबाईने त्यांना दरडावलं, “गप्प बसा. आपलाच आहे तो.” आणि पाच चमचे घातले. युद्ध संपलं, रेल्वेने जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा एडाबाईने मला उचललं आणि मंडईत ठेला टाकला. दोन वर्षांनी एक पगडीवाला गृहस्थ कापडाची पेटी घेऊन ठेल्यापाशी आला. एडाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “आपल्याला काही नको.” दोन्ही वेळा शब्द ‘आपला’च. बाई दुष्ट नव्हती हो. शब्दच रबराचा होता. हवा तेव्हा ताणायचा, हवा तेव्हा सोडायचा.

सत्तर साली ठेल्यावर आयसिल्डा आली. आयसिल्डा मेनार्ड, वय सोळा. ती मूळची कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरची. आठ वर्षांची असताना मावशीबरोबर बोटीने आली होती, मावशीच्या पासपोर्टात एका ओळीत नाव घालून. ती निघाली तेव्हा बेटावर राणीचंच राज्य होतं. तिच्या लेखी ती एका देशातून दुसऱ्या देशात आलीच नव्हती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आली होती, एवढंच.

एडाबाईने तिला सगळं शिकवलं. किटली आधी गरम पाण्याने विसळायची. कुणी आपल्या पायावर पाय दिला तर माफी आपण मागायची. कुणाला दुःख सांगायचं झालं तर आधी हवेबद्दल बोलायचं. आणि आणखी एक गोष्ट, जिच्यापायी पुढे रामायण घडलं.

“पोरी, या देशात कागद दाखवावे लागत नाहीत,” एडाबाई सांगायची. “युद्धात ओळखपत्रं काढली होती सरकारने. ती रद्द झाली त्या दिवशी मी माझं या बंबाखाली जाळलं. माणूस म्हणतो मी अमुक, तर तो अमुक. कागद विचारतात ती परकी माणसं.”

आयसिल्डाने ते गाठीला बांधलं. पावत्या, पत्रं, जुनी कार्डं सगळी टोपलीत. एडाबाई पगार हातावर द्यायची, त्याचाही कुठे कागद नाही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण मंडईत सगळेच तसे.

आता समोरचा चीजवाला. विल्फ्रेड ऑर्मरॉड. आयसिल्डापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, उंच, वाळका, टोपी डोक्याला चिकटलेली. मंडईच्या व्यापारी मंडळाचा चिटणीस. नियम म्हणजे नियम. एकदा मंडळाच्या बैठकीत त्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला बोलू दिलं नव्हतं, कारण भावाने हात वर केला नव्हता. दर नोव्हेंबरला वरच्या मजल्यावर मंडळाची सभा भरायची. चहासाठी मला जिन्याने वर नेत, म्हणून मला सगळं ठाऊक. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले की ऑर्मरॉड उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि चहाबद्दल तक्रार करायचा. मग खाली बसून ती स्वतःच इतिवृत्तात लिहायचा.

“चहा फार कडक आहे. चमचा उभा राहतो त्यात.”

“मग बसवा त्याला,” आयसिल्डा कप भरता भरता म्हणायची. सभा हसायची. ऑर्मरॉड हसायचा नाही, पण कप मात्र तळापर्यंत रिकामा करायचा.

चौऱ्याऐंशी साली एडाबाई गेली. ठेला आयसिल्डाच्या नावावर झाला. तेव्हापासून कर, परवाना, सगळं रीतसर. वर्षं गेली. गिरण्या बंद पडल्या, मासळीवाले सातचे तीन झाले. कोपऱ्यावर बशारत मिर्झाने कापडाचं दुकान थाटलं. बाप पाकिस्तानातल्या मिरपूरकडचा, बशारत सहा वर्षांचा असताना इथे आलेला. बोलण्याची ढब मात्र अशी की डोळे मिटून ऐकलं तर ऑर्मरॉड कोणता आणि बशारत कोणता, कळू नये.

दोन हजार सोळा साली मंडईला नवे मालक आले आणि दारावर नोटीस लागली. प्रत्येक ठेलेवाल्याने या देशात राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क असल्याचा कागद महिनाअखेर सादर करावा.

त्या सकाळी माझ्यासमोर जी सभा भरली तिचं इतिवृत्त कुणी लिहिलं नाही, म्हणून मी सांगतो.

“कागद?” ऑर्मरॉड कडाडला. “माझा पणजोबा या मंडईत चीज विकत होता! मी कागद दाखवू? मी काय हेर आहे?”

“चाचा, पासपोर्ट दाखवा आणि मोकळे व्हा,” बशारत म्हणाला.

“मला पासपोर्ट नाही. मी जातो कुठे? ब्लॅकपूलच्या समुद्रावर पासपोर्ट लागत नाही.”

“पण तुम्ही ब्रिटिश आहात ना?”

“मी ब्रॅकनशॉचा आहे. त्यानंतर लँकशर परगण्याचा. त्यानंतर फारच आग्रह झाला तर इंग्लिश. ब्रिटिश आपण फॉर्मवर असतो.”

“वा! मी मात्र ब्रिटिशच म्हणवतो,” बशारत म्हणाला. “इंग्लिश म्हटलं की तुम्ही लोक माझ्या तोंडाकडे बघून विचारता, ‘नाही, पण मूळचा कुठला?’ ब्रिटिश म्हटलं की निदान अर्धं मिनिट विचार करता.”

“आणि तू काय म्हणवतेस, आयसिल्डा?”

आयसिल्डा कप पुसत होती. “मी कधी म्हटलंच नाही. मी श्वास घेते असं कुणी सांगत फिरतं का?”

महिनाअखेर ऑर्मरॉडने वाचनालयाचं कार्ड आणि बसचा पास दाखवला. मालकांचा माणूस हसला आणि म्हणाला, “राहू द्या आजोबा, दिसतंय ना.” आयसिल्डानेही वाचनालयाचं कार्ड आणि बसचा पास दाखवला. तो म्हणाला, “एवढ्याने भागणार नाही, बाई. गृहखात्याच्या कचेरीकडे कळवावं लागेल.”

दोन कार्डं एकाच वाचनालयाची, दोन पास एकाच बसचे. मी माझ्या तोटीने पाहिलं.

सहा आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. आयसिल्डाने ते फळीवर पसरून वाचलं. तिच्या शाळेची, मग बहात्तरपर्यंतच्या रात्रशाळेची नोंद सापडली होती. चौऱ्याऐंशीपासूनचे करही सापडले. पण त्र्याहत्तर ते त्र्याऐंशी अशी मधली अकरा वर्षं कोरी होती. त्या प्रत्येक वर्षी ती इथे होती याचा पुरावा साठ दिवसांत द्यावा. एकही वर्ष सुटलं तर अर्ज नामंजूर होईल, ठेला बंद करावा लागेल आणि देश सोडण्याची व्यवस्था करण्यात येईल.

“कुठे पाठवणार तुला?” मासळीवाली विचारत होती.

“नेव्हिसला.”

“कोण आहे तिथे तुझं?”

“एक आंब्याचं झाड होतं,” आयसिल्डा म्हणाली. “तेही असेल की नाही.”

तिने हवेबद्दल एक वाक्य बोलून पाहिलं, ते अर्ध्यात तुटलं. माझ्यात पाणी कमी होतं आणि खालून आच चालू होती, पण तिचं लक्ष नव्हतं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कोरडा तापलो.

बशारत आला, आधी त्याने माझ्याखालचा गॅस बंद केला, मग पत्र वाचलं. “एकही बिल नाही? भाड्याची पावती? दवाखान्याचं काही?”

“कशाला ठेवू? आपल्याकडे कोण ठेवतं?”

“आपल्याकडे!” बशारतने कपाळाला हात लावला. “आपा, माझ्या बापाने विमानातून उतरल्या दिवसापासूनचा कागद न् कागद ट्रंकेत ठेवलाय. त्र्याहत्तर सालचं गॅसचं बिल आहे आमच्याकडे. दुधवाल्याची चिठ्ठी आहे. बाप म्हणायचा, ‘हे लोक चांगले आहेत, पण विसरभोळे आहेत. उद्या विसरतील आपण कोण ते.’ तू फारच पक्की ब्रिटिश झालीस बघ, म्हणूनच अडकलीस.”

हसण्यासारखं होतं. हसलं कुणी नाही.

समोरून ऑर्मरॉड सगळं ऐकत होता. चीज कापायची तार हातात तशीच. तो फळीपाशी आला आणि म्हणाला, “इतिवृत्तं आहेत की.”

“कसली?”

“मंडळाची. मी एकही पान गमावलेलं नाही. दर नोव्हेंबरला मी हिच्या चहाची तक्रार केली आहे आणि ती लिहिली आहे. त्र्याहत्तर ते त्र्याऐंशी. अकरा सभा, अकरा तक्रारी. तारीखवार, सह्यांसकट.” त्याचा आवाज चक्क चढला. “कचेरीला लेखी पुरावा हवा ना? आणतो.”

जिन्यावरून तो वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरला तेव्हा वय त्याचं अठ्ठ्याहत्तर, पण पाय पोराचे. बशारतने त्र्याहत्तरची वही उघडली, बोट फिरवत खाली आला, ‘आयत्या वेळचे विषय’ इथे थांबला आणि वाचलं.

“‘श्री. ऑर्मरॉड यांनी चहा अति कडक असल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. हारग्रीव्हजबाईंच्या पोरीला समज देण्याचे ठरले.’”

त्याने दुसरी वही उघडली. ‘हारग्रीव्हजबाईंची पोरगी’. तिसरी. ‘ठेल्यावरची पोरगी’. चौथी. ‘सदर पोरगी’.

“नाव कुठे आहे, चाचा?”

ऑर्मरॉडने वही ओढून घेतली. पानं उलटली, पुन्हा उलटली. मासळीवाल्याचं नाव होतं, त्याच्या मांजराचंसुद्धा होतं. मांजराने चीज पळवल्याचा ठराव आडनावासकट लिहिला होता. अकरा वर्षं तो तिच्या हातचा चहा प्याला, अकरा वर्षं तिच्याबद्दल लिहिलं, आणि एकदाही नाव लिहिलं नव्हतं.

“तेव्हा... तेव्हा सगळे तसंच म्हणायचे,” तो म्हणाला.

“तुम्ही अजूनही म्हणता,” आयसिल्डा शांतपणे म्हणाली. “मला बासष्टावं चालू आहे.”

ऑर्मरॉडने टोपी काढली. डोक्याचा वरचा भाग पांढराफटक होता. तिथे कधी ऊन लागलंच नव्हतं.

बशारतच्या ओळखीच्या वकिलाने वाट दाखवली. वह्या जोडा आणि सोबत चिटणिसाचं शपथपत्र द्या, की सालोसाल नोंदवलेली ‘पोरगी’ म्हणजे आयसिल्डा मेनार्ड. एवढं पुरेल. फक्त शपथ घेणाऱ्याची स्वतःची ओळख पासपोर्टने पटायला हवी.

म्हणजे बघा गंमत. तिचं ब्रिटिशपण सिद्ध करायला ऑर्मरॉड हवा, आणि ऑर्मरॉडचं सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही. त्याचा जन्म घरातच झालेला, ती गल्ली पाडून आता तिथे गाड्यांचा तळ. जन्माचा दाखला काढायला गेला तर नाव एका अक्षराने वेगळं निघालं. तीन आठवडे तो या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसायचा आणि कपाकडे बघत राहायचा.

“पासपोर्टच्या खिडकीतल्या मुलीने मला विचारलं, ‘तुम्ही तेच ऑर्मरॉड कशावरून?’ कशावरून! मी म्हटलं, मंडईत कुणालाही विचारा. ती म्हणाली, ‘मंडई हा पुरावा नाही.’”

“बरोबर बोलली,” आयसिल्डा म्हणाली.

पासपोर्टच्या फोटोमागे ओळखीच्या, पासपोर्ट असलेल्या माणसाने लिहून द्यावं लागतं की हा फोटो याच माणसाचा. मंडईत विश्वासाचा आणि पासपोर्टवाला असा एकच माणूस निघाला. बशारत मिर्झा. त्याने माझ्या फळीवर फोटो उलटा ठेवला, पेन झटकलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, “मी प्रमाणित करतो की हा विल्फ्रेड ऑर्मरॉड यांचा खरा चेहरा आहे.” मग वर बघून म्हणाला, “चाचा, घाबरू नका. कुणी विचारलं तर सांगेन, हा माणूस इथलाच आहे, मी ओळखतो याला. तसा निरुपद्रवी आहे.”

“गाढवा,” ऑर्मरॉड म्हणाला. पण त्याने बशारतचा हात बराच वेळ सोडला नाही.

साठातले नऊ दिवस उरले असताना ऑर्मरॉडचा पासपोर्ट आला. तो दिवस मंगळवार, दुपारनंतर मंडई बंद. ऑर्मरॉड मसुदा घेऊन आयसिल्डासमोर बसला. बाकी कुणी नव्हतं. मी होतो, पण मला कोण धरतं.

“मी प्रत्येक सालची नोंद वाचतो. तू हो म्हण. मग मी खूण करतो. काम नीट व्हायला हवं.”

“वाचा.”

“त्र्याहत्तर. चहा अति कडक.”

“मी.”

“चौऱ्याहत्तर. चहा कडक, आणि पोरीने उलट उत्तर दिलं.”

“मीच ती.”

असं करत ते एकोणऐंशीवर आले. ऑर्मरॉडने चष्मा सारखा केला. “एकोणऐंशी. ‘चहा पाणचट आहे. कपाच्या तळावरचं फूल दिसतं. हारग्रीव्हजबाईंच्या पोरीला...’” तो थांबला.

आयसिल्डा फळी पुसू लागली.

“पाणचट?” ऑर्मरॉड हळूच म्हणाला. “तू आणि पाणचट?”

“ती मी नव्हते, ऑर्मरॉड. एडाबाईची भाची होती ती, शीला. त्या वर्षी माझी मावशी लीड्सला आजारी पडली. मी तिच्या उशाशी होते. जानेवारीत गेले ते पुढच्या वर्षी तिला मूठमाती देऊनच आले.”

हे खरं होतं. मला माहीत होतं, कारण त्या वर्षी माझ्या तोटीवर दुसराच हात होता. तोटी फार सोडणारा, किटलीत चहा कमी टाकणारा.

“लीड्सचा काही कागद?”

“मावशीचं घर पाडलं. हॉस्पिटलने जुन्या नोंदी जाळल्या. मी विचारून झालं आहे.”

“म्हणजे तू देशातच होतीस.”

“देशातच होते. रेल्वेने दीड तास.”

“पण मी पाहिलं नाही.”

“तुम्ही पाहिलं नाही.”

बाहेर कुणीतरी शटर ओढलं, त्याचा आवाज छताला लागून परत आला. ऑर्मरॉडने पेन्सिल खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. हा तोच माणूस, ज्याने मांजराच्या चोरीची वेळसुद्धा मिनिटासकट लिहिली होती, आणि सख्ख्या भावाला नियमात बसत नाही म्हणून गप्प केलं होतं. आयुष्यात त्याने काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर चीज विकलं असं तो म्हणाला नसता. वह्यांत खोटं लिहिलं नाही, असंच म्हणाला असता.

“नका लिहू ते वर्ष,” आयसिल्डा म्हणाली. “दहाच द्या. खोट्याच्या आधाराने मला इथलं व्हायचं नाही.”

“दहा दिली तर तुला पाठवतील.”

“मग पाठवतील. मी आहे तीच आहे.”

तिने त्याचा कप उचलून धुतला. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी चीजचं दुकान उघडलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. अशी दोन दिवस ती फळी मी कधी रिकामी पाहिली नव्हती. आयसिल्डा दर पाच मिनिटांनी तिकडे बघायची आणि मग गिऱ्हाइकाला दोनदा साखर घालायची. मी उकळत होतो, थांबत होतो, पुन्हा उकळत होतो.

चौथ्या दिवशी ऑर्मरॉड आला, दाढी करून, चर्चचा कोट घालून. तिच्याकडे न बघता पुढे गेला आणि बशारतला म्हणाला, “चल वकिलाकडे.”

तासाभराने बशारत एकटाच परत आला आणि सांगू लागला. “आपा, काय माणूस आहे! शपथेचं पुस्तक हातात दिलं तर टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. वकिलाने विचारलं, ‘हे सगळं तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे?’ तर सगळा मसुदा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचत बसला, वकील घड्याळ बघायला लागला. मग म्हणाला, ‘ती या देशाबाहेर एक दिवसही गेली नाही, हे खरं आहे.’ वकील म्हणाला, ‘मी ते विचारलं नाही, अकराही नोंदी यांच्याच का?’ तर म्हणाला, ‘हो.’ आणि सही केली. त्यातही स्वतःच्या नावातलं एक अक्षर विसरला, वकिलाने दाखवलं तेव्हा घातलं. म्हातारपण, दुसरं काय!”

आयसिल्डाने किटलीवरचं कापड सरळ केलं. सरळच होतं ते. “हो,” ती म्हणाली, “म्हातारपण.”

बशारतला आजतागायत ठाऊक नाही.

पाच महिन्यांनी कार्ड आलं. गुलाबी, तळहाताएवढं. मासळीवालीने केक आणला, कुणीतरी कागदी झेंड्यांची माळ बांधली. ती थोडी वाकडी लागली आणि त्यावर वाद झाला. बशारतने भाषण केलं. सगळे आयसिल्डाला म्हणाले, अभिनंदन, झालीस एकदाची ब्रिटिश! ती हसली, पण तिचे डोळे समोरच्या फळीकडे होते.

“काल कोण होते मग मी?” तिने विचारलं. सगळे केककडे वळले. केक चांगला होता म्हणे.

नोव्हेंबरात सभा भरली. मला वर नेलं. ‘आयत्या वेळचे विषय’ आले. ऑर्मरॉड उभा राहिला, घसा खाकरला, आणि सगळे आधीच हसू लागले. तो म्हणाला, “मी चिटणीसपदाचा राजीनामा देतो. आजपासून.”

हसू विरलं. सत्तेचाळीस वर्षं तो त्या खुर्चीवर होता.

“तब्येत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही.”

“मग कारण काय लिहू?”

“कारण लिहू नये, असं लिहा.”

त्याने वह्यांची किल्ली बशारतच्या हातात दिली. “नीट लिही,” एवढंच म्हणाला. “आणि नावं लिही. प्रत्येकाचं.” मग खाली बसला. आयसिल्डाने त्याच्यापुढे कप ठेवला. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही आणि त्यानंतरही, त्या विषयावर. त्यांच्याकडे याला मैत्री म्हणतात.

पुढच्या थंडीत ऑर्मरॉड गेला. चीजचं दुकान आता मोबाइलची झाकणं विकतं.

आता मी फार दिवसांचा नाही. पोटात चुना चढला आहे, उकळायला वेळ लागतो, आणि नव्या मालकांना माझ्या जागी भिंतीवरचं यंत्र बसवायचं आहे. त्याचं मला फारसं वाटत नाही. तांबं कुठेही वितळतं आणि कशाचंही होतं. मला चैन पडत नाही ती दुसऱ्या गोष्टीने. अकराच्या अकरा वर्षं बाई इथे होती. ते खरं होतं. पण ते खरं ठरवायला एका सरळ माणसाला त्याच्या आयुष्यातली एकुलती एक खोटी ओळ लिहावी लागली. हा पासंग कुणाच्या तराजूतला म्हणायचा?

आयसिल्डाने ते कार्ड चमच्यांच्या खणात ठेवलं आहे. रोज सकाळी ती आधी खण उघडते, बोटाने कार्ड चाचपते आणि मगच माझ्यात पाणी ओतते. आता केकची पावतीसुद्धा फेकत नाही.

तुम्ही लांबचे, म्हणून एवढं सांगून बसलो. एकच विनंती करतो, मोडू नका. कधी या बाजूला आलात तर तिच्या हातचा चहा जरूर घ्या, दूध मागा, हवेबद्दल बोला, जुन्या गोष्टी काढा. फक्त एकोणऐंशी साल काढू नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी कचेरीत असलंच, तर मी काही बोललो नाही. बंब कधी बोलतो का?